आसरांनी मागितलेला दवाखाना

कामिनीला आसरा लागल्या, असं कौतिकआबांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं. आबा आमच्या गावचे भगत. ताप असो की परीक्षेत नापास, त्यांचं निदान एकच: डोहातल्या साती बहिणी. रोग रेड्याला, औषध पखालीला!

कामिनी माझी मैत्रीण, शिरपूरच्या कॉलेजात माझ्याच वर्गात. तिला दिवस गेले होते आणि ते फक्त मला ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यात आमच्या वयाच्यांसाठी वेगळी खोली आहे म्हणे. आहे की! पण तिचं दार केसपेपरच्या रांगेसमोर, आणि रांगेत निम्मं गाव. कामिनी तोंडावरचा स्कार्फ घट्ट करून दारापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मग कुणाकडून तरी गोळ्या आणवल्या. अठरा पूर्ण असतील तर गर्भपाताला घरच्यांची सही लागत नाही, हे आम्हा दोघी शहाण्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रक्त थांबेना. ती पांढरीफटक पडली. तिच्या आईला खरं सांगायला निघाले, तर तिने माझा हात धरला.

"सांगशी ना, तं मी जीव दी दिसू."

मला तिचा राग आला, पण भीती जास्त वाटली. दुसऱ्या दिवशी डोहावर उतारा ठरला होता. मी तिच्या कानात सांगितलं, आबा विचारतील तेव्हा आसरा होऊन दवाखाना माग. आमच्याकडे पोरीचं मागणं मोडतात, देवीचं कुणी मोडत नाही.

भर दुपारी नदीकाठी चिटपाखरू नव्हतं. शेंदूर लावलेल्या सात दगडांपुढे हिरव्या बांगड्या आणि दहीभात मांडला. वारा नव्हता, तरी डोहाचं पाणी हलत होतं. आबांनी धूप घातला.

"कोन शे तू? काय पायजे तुले?"

कामिनीची मान खाली, केस तोंडावर. "माले धुयाना मोठा दवाखानामा ली चला," ती म्हणाली. मी मनातल्या मनात शाबास म्हटलं.

आबा भडकले. "आसरा दवाखाना मांगत नही!" त्यांनी मारायला निंबाचा डहाळा उचलला.

तेव्हा तिची मान वर झाली. डोळे तिचेच होते, बघणं तिचं नव्हतं. आवाज जाड, घशात पाणी भरल्यासारखा.

"मंजुळे, रत्नाले बी आठेच आनेल व्हतं ना तुम्ही?"

हे मी शिकवलं नव्हतं. रत्ना कोण, हेही मला माहीत नव्हतं. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. आबांच्या हातातला डहाळा गळून पडला. मंजुळाकाकू, म्हणजे कामिनीची आई, उठून किंचाळल्या, "गाडी काढा! आत्तेच काढा!"

धुळ्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती. संध्याकाळी ती शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, रत्नाचं तुला कुणी सांगितलं?

"कोन रत्ना? धूपना वास उना, तठलगून याद शे माले."

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. मी काही विचारायच्या आतच त्या बोलायला लागल्या.

"मन्ही लहानी बहीण व्हती रत्ना, डोहवरच मरी गयी. तिले बी आसंच रगत जाये. ती बी डोहवर हाईच सांगे, माले दवाखानामा ली चला, माले दवाखानामा ली चला." त्यांनी पदर तोंडात कोंबला, मग काढला. "आम्ही उताराच देत ऱ्हायनूत. आम्हले वाटनं, आसराच बोली ऱ्हायनी."