खालच्या ओळी

“बाई, शूला जाऊ?”

तिचा खडूचा हात फळ्यावरच थांबला. शेगडीपासून चार हातांवर, पाटावर मांडी घालून बसलेली थोरली करंगळी वर करून तिच्याकडे बघत होती. चेहरा गंभीर. थट्टा नव्हती.

“बाई कोण गं? आई आहे मी तुझी.”

“सॉरी बाई,” थोरली म्हणाली आणि तिने जीभ चावली.

दाराशी भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंना हसू आवरेना. “घ्या! पंधरा दिवसांत पोरीची आई गेली आणि बाई आली. अगं जा तू, इथेच सांडशील. घरातल्या घरात कसली परवानगी!”

थोरली पळाली. तिच्यामागे तीन वर्षांची धाकटी, काही गरज नसताना, “बाई, मी पण,” करत धावली.

तिलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली. सकाळचे दहा वाजले होते. एका हाताला खडू, दुसऱ्याला दुधाचं पातेलं उतरवल्याचा चटका, आणि पाय आत्ताच संध्याकाळ झाल्यासारखे भरून आलेले. आज पंधरावा दिवस. शाळेने दिलेली मुदत आज संपत होती. बिस्किटांच्या डब्याखाली तो कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून करायचा अर्ज. सगळं भरून झालं होतं, फक्त सही राहिली होती. सही केली की सोमवारपासून थोरलीची शाळा म्हणजे हेच स्वयंपाकघर. आणि तिची स्वतःची नोकरी संपली.

नोकरी रक्त तपासायच्या लॅबमध्ये. सात वर्षं ती मायक्रोस्कोपला डोळा लावून काचपट्टीवरच्या पेशी मोजत आली होती. शेकड्यांनी पेशी सारख्याच असतात. त्यात एखादी वेडीवाकडी दिसली की थांबायचं, तारीख घालून लिहून ठेवायचं. ही सवय घरी येताना अंगावरच्या पांढऱ्या कोटासारखी काढून खुंटीला टांगता येत नव्हती. थोरली तिसरीत गेल्यापासून तिने एक निळी वही घातली होती. त्यात लिहायचं ते थोरलीबद्दल.

पहिल्या पानावर होतं: सकाळी पोट दुखतं. रोज. सुट्टीच्या दिवशी नाही.

मग कळलं, वर्गात तिला गोगलगाय म्हणतात. फळ्यावरचं उतरवून घ्यायला तिला वेळ लागतो. अक्षर मोत्यासारखं, पण एकेक मोती ओवत बसल्यासारखं. पाच ओळी होईपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असतो. वहीच्या प्रत्येक पानाखाली लाल शाईत एकच शब्द: अपूर्ण.

ती शाळेत गेली होती. वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या भेटल्या. डोळ्यांखाली काळं, पदराला खडूची भुकटी.

“अठ्ठावन्न मुलं आहेत हो वर्गात. मी एकीसाठी थांबले तर बाकीचे सत्तावन्न माझ्या डोक्यावर बसतील. तुम्ही शिकलेल्या आहात. घरी का नाही शिकवत? हल्ली करतात बरेच जण.”

टोमणा होता की सल्ला, हे तिला अजून कळलं नव्हतं. पण ते वाक्य डोक्यात घर करून बसलं. आणि त्यानंतर निळ्या वहीत ज्या नोंदी पडल्या, त्यांनी तिची झोप उडवली.

थोरलीच्या शाळेच्या वहीची पानं वरून अर्धी कोरी. मजकूर पानाच्या मध्यावरून सुरू.

डबा रोज जसाच्या तसा परत.

आणि तिसरी नोंद तिने पुन्हा पुन्हा पानं उलटून बघत लिहिली होती. कोऱ्या सोडलेल्या जागा काही दिवसांनी भरलेल्या दिसल्या, पण भलत्याच अक्षरात. खाली थोरलीचं गोल, सुबक अक्षर. वर बारीक, चिरडलेलं, उजवीकडे कललेलं. एकाच वहीत, एकाच पानावर, दोन अक्षरं. तिने लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काय काय वाचून काढलं आणि नवऱ्याला सांगितलं, “आपल्या मुलीच्या मनावर काहीतरी परिणाम झालाय.” नवरा तेव्हा बूट काढत होता. काढलेला एक बूट त्याने पुन्हा पायात घातला.

मुख्याध्यापक भले गृहस्थ. म्हणाले, “पंधरा दिवस घरी ठेवून बघा. जमतंय असं वाटलं तर अर्ज द्या.” तिने लॅबमधून रजा घेतली. नवऱ्याने कुठल्याशा जुन्या लिफ्टमधून निघालेली प्लायवूडची फळी आणली, तिला काळा रंग दिला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकली. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी थाळीवर चमचा आपटून तास बदलायला सुरुवात केली. एका शाळेत अठ्ठावीस वर्षं मावशी होत्या त्या. पाणी भरलं, वर्ग झाडले, घंटा दिली.

“मला काही कळत नाही बाई शिक्षणातलं,” त्या म्हणाल्या होत्या. “माझ्या हातात घंटा होती, पुस्तक नव्हतं. पण टोला चुकू दिला नाही कधी.”

पंधरा दिवस टोला घरातही चुकला नाही. गणित, भाषा, विज्ञान. मध्ये कुकरची शिट्टी, धाकटीचं रडणं, वाळत घातलेले कपडे. थोरली सगळं करायची. विचारलं तेवढं सांगायची. रोज सकाळी मात्र एकच विचारायची, “आज कोणता वार?” तेही निळ्या वहीत लिहून झालं होतं. वारांचं भान राहत नाही.

साडेअकराला फोन वाजला. लॅबच्या मोठ्या मॅडम.

“सोमवारी येतेस ना गं? नाही म्हणालीस तर मला दुसरी बघावी लागेल. रागावू नकोस, पण तुझ्या टेबलावर काचपट्ट्यांचा ढीग लागलाय.”

“संध्याकाळपर्यंत सांगते मॅडम.”

“आवाज का असा? बरी आहेस ना?”

“बरी आहे,” ती म्हणाली. तिने घाईने फोन ठेवला.

दुपारी नवरा जेवायला आला. लिफ्ट दुरुस्तीचं काम. नखांत कायम वंगण. ताटावर बसल्या बसल्या त्याने डब्याखालच्या अर्जाकडे पाहिलं आणि नजर ताटात घातली.

“काय करायचं मग?” तिने विचारलं.

“तू म्हणशील तसं.”

“हे तुमचं ‘तू म्हणशील तसं’ म्हणजे बिघडलेली लिफ्ट झालीय. कुठलंही बटण दाबा, तळमजल्यावरच येऊन थांबते.”

सासूबाई पदराआड हसल्या. तो हसला नाही. हातातला घास ठेवून म्हणाला, “अगं, मला भीती वाटते. शाळेत ठेवली आणि तिचं काही झालं तर तू मला बोलशील. काढली आणि तुझं काही झालं तर मी कोणाला बोलू? आरशात बघितलंस का स्वतःला?”

आरसा बघायला तिला पंधरा दिवसांत सवड कुठे होती!

तो गेला. ताटं विसळून ती पुन्हा फळ्याशी उभी राहिली. एकदा शेवटचं बघू, म्हणून तिने दहा ओळींचा उतारा लिहिला. पाणी शुद्ध कसं करावं. प्रथम पाणी वीस मिनिटे उकळावे, इथपासून ते झाकून ठेवावे, इथपर्यंत. “हे उतरवून काढ,” म्हणाली आणि धाकटीला झोपवायला आत गेली.

ती परत आली ती पावलांचा आवाज न करता. थोरलीने पान पुढ्यात घेतलं होतं. आणि ती पानाच्या अगदी तळाशी, शेवटच्या रेघेवर लिहीत होती. झाकून ठेवावे. मग पेन्सिल एक रेघ वर सरकली. मग आणखी एक वर.

“हे काय करतेस?”

थोरली दचकली. पेन्सिल गळून पडली.

“खालून का लिहितेस? सरळ वरून का नाही लिहीत?”

थोरली मान खाली घालून फ्रॉकचं टोक पिळू लागली.

“मी रागावत नाहीये. सांग ना. कोणी सांगतं का तुला असं लिहायला? कानात काही ऐकू येतं?” आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं. “बोल ना गं! काय होतंय तुला?”

“तिला काही होत नाहीये,” सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या उठून फळ्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी तो खालपासून वरपर्यंत न्याहाळला. “फळा कुठून पुसतात गं?”

“म्हणजे?”

“वरून की खालून?”

“काय माहीत. तुम्ही पण ना, आई.”

“अठ्ठावीस वर्षं पुसलेत मी. माणसाचा हात वरूनच सुरू होतो. खालून पुसलं तर वरची भुकटी पुसल्या जागेवर पडते. वरची ओळ आधी जाते, तळाची सगळ्यांत शेवटी.” त्या थोरलीसमोर उकिडव्या बसल्या. “ज्याचा हात हळू, त्याने खालून धरावं. काय गं गोगलगाय? असंच ना?”

थोरलीने आजीकडे बघून हळूच मान हलवली.

तिने गळून पडलेली पेन्सिल उचलून लेकीच्या हातात दिली. मग खाली, तिच्याशेजारी बसली.

“मग वरच्या ओळी?”

“त्या ढापणी लिहिते.”

“कोण ढापणी?”

“माझ्या बाकावरची. तिचा चष्मा जाड आहे. तिला दिसायला वेळ लागतो, मला लिहायला. ती वरून लिहिते, मी खालून. मग सुट्टीत मी तिच्या वहीत माझं लिहिते, ती माझ्या वहीत तिचं. उरलं तर दुसऱ्या दिवशी.” आता थोरलीचं तोंड सुटलं होतं. “कधी कधी मध्ये एक ओळ राहते. मग आम्ही मनानेच घालतो.”

“आणि डबा?”

“डबा कधी खाणार? सुट्टी केवढीशी असते!”

बारीक, चिरडलेलं, उजवीकडे कललेलं अक्षर. तिच्या डोळ्यांसमोर ते पान आलं. आणि आत्ता, इतक्या उशिरा, आणखी एक गोष्ट ध्यानात आली. थोरलीचं पोट दुखणं कधीचंच थांबलं होतं. त्या दोन अक्षरांच्या सुमारासच. निळ्या वहीत त्याची नोंद नव्हती. त्या वहीत बिघडलेलं तेवढंच जायचं.

“बाईंना का नाही सांगितलंस, थांबा म्हणून?”

“सगळ्यांचं झालेलं असतं.”

“मग मला तरी सांगायचंस.”

थोरली पेन्सिलचं टोक बोटाने चाचपत राहिली. “तू लगेच वहीत लिहितेस,” ती म्हणाली.

सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि काही काम नसताना पलीकडच्या खोलीत गेल्या.

“आज कोणता वार?” थोरलीने विचारलं.

“शनिवार.”

थोरलीने बोटं मोजली. एकदा, मग पुन्हा. “म्हणजे ढापणीच्या किती दिवसांच्या खालच्या ओळी राहिल्या! तिला रोज अपूर्ण मिळत असेल.” आणि मग घाबरत, जणू खरोखरच बाईंना विचारावं तसं, “मी सोमवारी जाऊ?”

तिने थोरलीला जवळ ओढलं. लेकीच्या केसांना खडूचा वास येत होता, आपल्याच स्वयंपाकघरातल्या खडूचा. पंधरा दिवस तिला वाटत होतं, शाळेत ही पोर एकटी पडली आहे, आपण नसलो तर हिचं कसं होणार. आणि पोरीने आईला न विचारता, न सांगता आपलं बघितलं होतं. ऊर भरून यावा अशीच गोष्ट. मग आत कुठेतरी कोणी दार लोटून घेतल्यासारखं का वाटावं?

“जा,” ती म्हणाली. “पण एक शिकायचं. बाई फळा पुसायला लागल्या की म्हणायचं, थांबा, माझं राहिलंय. म्हण बघू.”

“थांबा, माझं राहिलंय.”

“मोठ्याने.”

“धाकटी उठेल ना,” थोरली म्हणाली.

संध्याकाळी तिने मॅडमना फोन केला. नवऱ्याने घरात पाऊल टाकताच विचारलं, “ठरलं?”

“ठरलं असं नाही. सोमवारी पाठवून बघू.”

अर्ज तिने फाडला नाही. खणात, खाली अंथरलेल्या कागदाखाली सरकवून ठेवला.

सोमवारी वर्गशिक्षिका फाटकापाशीच भेटल्या. ती घरून बरंच काही ठरवून आली होती. बाईंच्या दोन्ही हातांतले वह्यांचे गठ्ठे पाहिले आणि त्यातलं एवढंच उरलं, “फळा पुसण्याआधी एकदा विचाराल का, कोणाचं राहिलंय म्हणून?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोघींच्याही डोळ्यांखाली सारखंच काळं.

“बघते,” त्या म्हणाल्या. आणि दोन पावलं जाऊन मागे वळल्या. “ती चष्मेवाली रोज विचारत होती हो, तुमची कधी येणार म्हणून.”

पटांगणाच्या टोकाला जाड चष्म्याची एक मुलगी पायरीवरून उठली. थोरलीने आईचा हात सोडला. मागे वळून पाहिलं नाही.

लॅबची पिशवी घ्यायला ती घरी आली. स्वयंपाकघरात सासूबाई ओलं फडकं पिळून फळ्यासमोर उभ्या होत्या. शनिवारच्या दहा ओळी अजून तशाच होत्या, तिच्या नेटक्या अक्षरात.

“पुसू ना गं? संध्याकाळी त्याला म्हणू, फळी काढ आता. भिंत मोकळी होईल.”

फडकं वरच्या ओळीपर्यंत पोचलं होतं.

“थांबा आई,” ती म्हणाली. “माझं राहिलंय अजून.”

ती थोरलीच्या पाटावर बसली. एका पायात चप्पल तशीच होती. काय राहिलंय, ते सासूबाईंनी विचारलं नाही. फडक्यातून पाणी ठिबकत होतं, फरशीवर ओघळत होतं. अठ्ठावीस वर्षं वरून खाली पुसत आलेला तो हात न पुसताच खाली आला.