डाव्या हाताचे बारा कोट

"मास्तर, हा कोट नक्की बाप्यांचाच ना?"

काजं करणाऱ्या मावशींनी पांढरा कोट दोन्ही हातांनी उंच धरला होता. कटिंग मास्तरांनी चष्मा वर केला, मग खाली केला. कोटात काही फरक पडला नाही. खिसा उजव्या छातीवर आणि काजांच्या खडूच्या खुणाही उजव्याच बाजूला. म्हणजे घालणाऱ्याने बटणं लावली, की उजवी बाजू डावीवर येणार, बायकांच्या कपड्यांत येते तशी.

"बाप्यांचाच," मास्तर म्हणाले. "दवाखान्यातल्या बारा वॉर्डबॉयचे बारा कोट."

"मग त्या बारा जणांनी काय पाप केलंय?"

मावशींनी उरलेले अकरा चाळून पाहिले. अकराच्या अकरा तसेच. चूक करायची तर ती सुबक, एकसारखी आणि डझनाने, असा मास्तरांचा खाक्या होता.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना मास्तरांच्या उजव्या हातातून वस्तरा पडला, आणि वस्तऱ्यामागोमाग हातही गेला. डॉक्टर म्हणाले, झटका सौम्य आहे. जो झटका डॉक्टरांना स्वतःला आलेला नसतो, त्याला सौम्य म्हणतात. पाय महिन्याभरात ताळ्यावर आला. तोंड कधी गेलंच नव्हतं, असं बायकोचं म्हणणं. हात मात्र परतला नाही. एकतीस वर्षं ज्या हाताने अर्ध्या गावाची मापं कापली, तो आता घरजावयासारखा झाला होता. बरोबर सगळीकडे यायचा, काम काही करायचा नाही.

मास्तर आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आठव्या दिवशी उठले आणि धारवाल्याकडून डावखुऱ्यांची कात्री करून आणली. डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते, तिची पाती उलटी बसवलेली असतात, ही गोष्ट उजव्या हाताच्या माणसांना मरेपर्यंत कळत नाही. मग रोजचं वर्तमानपत्र घेऊन ते डाव्या हाताने बाह्या, खांदे, कॉलरी कापायला बसले.

"अहो, अग्रलेखाची बाही केलीत. मी वाचू काय?" बायको म्हणायची.

"बाहीच वाच. अग्रलेखापेक्षा बरी बसेल."

"आणि ही रेघ वाकडी गेलीय."

"दिसतंय मला."

"मग उद्याचा पेपर येईलच," असं म्हणून ती मोकळी. रडली असेलच, पण ते तिने भांडी घासताना उरकलं.

दोन महिन्यांत रेघ सरळ झाली. मास्तर कारखान्यात हजर झाले. कारखाना म्हणजे पाच मशिनं, एक इस्त्री, एक कापायचं टेबल आणि मालकीणबाई. बाईंनी सासऱ्यांच्या पश्चात तो चालवला होता आणि सासऱ्यांपेक्षा कमी ओरडून चालवला होता.

"मास्तर, पगार तोच देईन," त्या म्हणाल्या. "तुम्ही बटणांच्या बाकावर बसा. नुसतं बसलात तरी चालेल."

नुसतं बसलात तरी चालेल, याहून वाईट गोष्ट माणसाला सांगता येत नाही. मास्तर म्हणाले, "बाई, एक तागा द्या. मग बोलू."

बाईंनी विचार करून दवाखान्याचं काम दिलं. बारा कोट. नीट गेले तर टेबल मास्तरांचं. नाहीतर बाक, आणि पुन्हा तो विषय नाही.

तेच हे बारा कोट. उद्या दहाला दवाखान्याचा माणूस ते न्यायला येणार होता.

"नव्या मशीनवालीवर ढकलू," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. "ती नाहीतरी लग्न करून पुढच्या महिन्यात चाललीय. जाता जाता एवढं पुण्य करेल."

"ती खडूच्या खुणेवर शिवते. खूण माझी आहे."

"मग बसा बाकावर. माझ्या शेजारी जागा आहे. मी बोलते फार, एवढंच."

"ते मला ठाऊक आहे, मावशी. म्हणूनच तिथे यायचं नाहीये."

मास्तरांनी त्यांच्या हातातला कोट घेतला, आधी निर्जीव हात बाहीत घातला, मग दुसरा, आणि तसेच बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले.

"कसा दिसतो?"

बाईंनी मान वर केली. "बरा दिसतोय की. खांदा तर... मास्तर, खिसा."

"हो."

"बाराही?"

"बाराही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं, मास्तर."

"सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं. आता माझं ऐका. हा खांदा बघा. बाही बघा. एक सूत फरक दाखवा, मी आत्ता बाकावर जाऊन बसतो. हात चुकलेला नाही, बाई. डोकं चुकलं. डाव्या हाताला सोयीचं म्हणून मी कापड उलट्या अंगाने मांडलं, आणि खुणा करताना डोकं जुन्याच सवयीने चाललं. हात बदललाय हे त्याला कोणी कळवलंच नव्हतं. आज कळलं."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी दुसरी चूक होईल. ही होणार नाही. उजव्या हाताने पहिल्या वर्षी मी काय कमी दिवे लावले होते? तुमच्या सासऱ्यांच्या एका वकील मित्राच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या."

"मग मामंजी काय म्हणाले?"

"ते तुमच्यापुढे बोलण्यासारखं नाही. पण बोलून झाल्यावर दुसरं कापड दिलं."

बाईंच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

"पाचपर्यंत खिसे डावीकडे जातील," मास्तर म्हणाले. "काजं अजून पाडलेली नाहीत हे नशीब. शिवण उसवता येते, पाडलेलं काज बुजत नाही."

"मावशींना बरोबर घ्या."

"मावशी काजं करतील. उसवणार मीच."

उसवणं हे दोन हातांचं काम आहे. एकाने कापड ताणायचं, दुसऱ्याने पातं चालवायचं. मास्तरांनी उजवा हात डाव्याने उचलला आणि कोटावर ठेवून दिला, वजन ठेवतात तसा. हात जड होता, हलत नव्हता, तक्रार करत नव्हता. वजनाकडून माणूस आणखी काय अपेक्षा करतो? कापड ताठ बसलं. डाव्या हाताने एकेक टाका उचलत पहिला खिसा निघायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याला सतरा. सातव्याच्या वेळी बोटं आखडली, तेव्हा मास्तर थांबले, पाणी प्याले, आणि बोटं सैल होईपर्यंत मावशींच्या सुनेची सगळी हकीकत ऐकली. ती त्यांच्या सहनशक्तीची खरी परीक्षा होती.

सुटलेले खिसे मशीनवाल्यांनी डावीकडे बसवले. जुन्या टाक्यांच्या भोकांवर मास्तरांनी ओलं फडकं घालून स्वतः इस्त्री दाबली. भोकं मिटली. पाचला दहा मिनिटं असताना मावशींनी शेवटच्या काजाचा दोरा तोडला.

बाई आल्या. एकेक कोट उजेडात धरून त्यांनी उजव्या छातीवरून बोट फिरवलं. बाराव्यावर जरा जास्त वेळ फिरवलं. मग कोट घडी करून ठेवले आणि आपल्या जागी गेल्या. मास्तर घरी गेले. बायकोने विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "अजून व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटांचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. मास्तर त्याला वळसा घालून आत गेले आणि सवयीने आपल्या जागी जाऊन उभे राहिले. समोर नुसती भिंत होती. टेबल नव्हतं.

त्यांनी बटणांच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर मावशी कंबर धरून बसल्या होत्या, आणि दोन मशीनवाल्या घाम पुसत होत्या.

"तिकडे काय शोधताय?" बाई म्हणाल्या. त्यांच्या हातांना धूळ होती.

टेबल समोरच्या भिंतीला गेलं होतं. आता तिथे उभ्या राहणाऱ्याच्या उजव्या बाजूला खिडकी येत होती. खडूच्या रेघेवर डाव्या हाताची सावली पडणार नव्हती. टेबलावर एक नवा तागा होता.

मास्तरांनी खाली पाहिलं. फरशीवर टेबलाच्या पायांचे चार फिकट चौकोन उरले होते, एकतीस वर्षांचे. मास्तर घटकाभर त्या चौकोनांसमोर उभे राहिले. मग त्यांवर पाय पडणार नाही अशा बेताने वळले आणि खोली ओलांडून पलीकडे गेले.