हसल्याशिवाय न उघडणारं कुलूप

मंडळी, विश्वास ठेवावा कुणावर? हसऱ्या माणसावर की रडवेल्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी दिलं आणि तोंडघशी पडलो.

मी कुलूप बोलतोय. साधंसुधं नव्हे, चेहरा ओळखून उघडणारं. किल्लीला मी हिंग लावूनही विचारत नसे.

मला घडवणारी पोरगी हुशार. माणसाचा चेहरा कसा असतो हे शिकवायला तिनं मला कचेरीच्या समारंभातले फोटो दाखवले. फोटोवाल्यानं "हसा!" म्हटलेलं, त्यामुळे झाडून सगळ्यांची बत्तिशी बाहेर. मी समजायचं ते समजलो: दात दिसले की माणूस आपला.

कचेरीतल्या फळ्यावर 'नीतीचा विचार' असंही एक काम लिहिलेलं होतं. दर सोमवारी ते पुढच्या सोमवारवर जाई. शेवटी तिचे साहेब म्हणाले, "नीती काय, रंगासारखी वरून मारता येते." मग मला एक हिरवा दिवा बसवला. तो पेटला की समजायचं, मी सज्जन!

पोरीनं कौतुकानं मला आईवडिलांच्या दारावर चढवलं. जुनं कुलूप किल्लीसकट मोडीत गेलं. आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दात दाखवी. "हं, हसले! उघड आता, मेल्या!" शेजारी म्हणत, केवढं सुखी कुटुंब! एकदा झाडूयंत्र विकणारा हसतहसत आला. मी त्याला थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दिलं.

मग एका दुपारी वडील आले. लहानपणच्या मित्राला स्मशानात पोचवून आले होते. घरात कुणी नव्हतं.

"कृपया हसा," मी म्हणालो.

त्यांनी ओठ ताणले. दात काही दिसेनात.

"अनोळखी व्यक्ती," मी जाहीर केलं आणि हिरवा दिवा लावला.

"आज नाही रे जमत," ते मला म्हणाले, आणि उन्हात पायरीवर बसले.

थोड्या वेळानं पोरगी आली. "बाबा, बाहेर का बसलात?"

"तुझं कुलूप म्हणतं, मी घरचा नाही."

"मग थोडं हसायचं ना..." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. बापाचा चेहरा पाहून तिचेही डोळे भरले. म्हणजे आता तिलाही दार बंद! दोघं पायरीवर.

तेवढ्यात तो झाडूयंत्रवाला आला, कानापर्यंत हसत. मी खट्कन उघडलो.

"या ना, आत या!" त्यानं दोघांना त्यांच्याच घरात बोलावलं. "पाणी आणू का?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसातलं पहिलं हसू त्यांना फुटलं. पण दार उघडून झालं होतं. ते हसू माझ्या काही उपयोगाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारावर किल्लीचं कुलूप आलं. मी आता पोरीच्या टेबलावर असतो. हिरवा दिवा तिनं पकडीनं उपटला. साहेब ओरडले, "विक्री थांबेल!" ती म्हणाली, "थांबू दे. आधी कुलूप रडका चेहरा ओळखायला शिकेल." आता ती मला रोज चेहरे दाखवते: झोपाळू, आजारी, चिडलेले, सुतकी. चुकतो अजून. पण शिकतोय.

गिऱ्हाईक हसलं म्हणजे माल चोख, असं नसतं, मंडळी. तुम्हीही काही घडवाल, तेव्हा हिशेब खरा ठेवा. आत किती आले ते मांडालच. पायरीवर कोण बसलंय, तेही मांडा.