गोठ्यावरचा हंडा

मैत्री झोपली की सुचिता तिचे ओठ बघायची. मग नखं. मग पुन्हा ओठ. जराशी निळी झाक दिसल्याचा भास झाला, की बाळाला उचलून दारातल्या उजेडात न्यायची. सासू, मनकर्णाबाई, करवादायच्या, "अवं, निजू दे ना तिले! बघून बघून तूच नजर लावशीन लेकराले."

सुचितानं वस्तीतल्या हातपंपाचं पाणी स्वतः तपासलं होतं. सरकारनं गावोगाव पाणी तपासायला बाया नेमल्या, त्यात चिखलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली म्हणून तिचं नाव लागलं. किटमधली पूड टाकली आणि बाटलीतलं पाणी गर्द गुलाबी झालं.

"किती झ्याक रंग आला!" मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या.

तो रंग नायट्रेटचा होता. वावरातलं खत मुरत मुरत पंपात उतरलेलं. मोठी माणसं निभावून नेतात. तान्ह्या लेकराचं रक्त मात्र त्यानं गुदमरतं, अंग निळं पडतं. आणि सुचिताचं दूध पुरत नव्हतं. मैत्रीला डब्याची पावडर कालवून द्यावी लागे, पाण्यात.

गावाला धरणाचं नवं पाणी आलं होतं. पाइपलाइन गावभर फिरली आणि बौद्धवस्तीच्या अलीकडे, नाल्यापाशी थांबली. वस्तीत नळ मात्र होते. दारोदार सिमेंटचा खांब, त्याला चकचकीत तोटी. बायांना शेजारी उभं करून फोटोही काढून नेले. तोट्यांच्या मागं नळीच नव्हती. आता कुणी त्यांवर टॉवेल वाळत घालायचं, कुणी शेळी बांधायचं.

मैत्रीचं पाणी यायचं सरपंच भगवंतरावांच्या गोठ्यावरून, तिथल्या धरणाच्या नळाचं. मनकर्णाबाई त्यांच्या वावरात निंदायला जायच्या. परतताना गोठ्यापाशी हंडा ठेवायच्या आणि मागं सरकून उभ्या राहायच्या. सरपंचांच्या पत्नी, सरस्वतीबाई, वरून नळी धरायच्या. नळी हंड्याला लागू द्यायच्या नाहीत. तोटीला हात लावू नको, असं मनकर्णाबाईंना कुणी कधी म्हणालं नव्हतं. म्हणावं लागलंच नव्हतं.

ते पाणी लेकराला पाजताना सुचिताला ती वरून धरलेली नळीच दिसायची. शेवटी तिनं तक्रार लिहिली. सरकारी पैशाच्या कामात जातीवरून कुणाला डावलता येत नाही, नियम आहे, मग लाइन आमच्याच दाराअलीकडे कशी थांबते? बाळाला पोटाशी बांधून एसटीनं बुलढाण्याला गेली, अर्ज देऊन आली.

चौकशीला साहेब आले, भगवंतरावांच्याच गाडीतून. विहारापुढं खुर्च्या मांडल्या.

"भेदभाव?" भगवंतराव हसले. "साहेब, सुचिता आमची लेकच समजा. शिकेल पोरगी हाय, तिले घाई झाली. वस्तीची लाइन पुढच्या टप्प्यात हाय ना बाप्पा."

"पुढचा टप्पा कधी?" सुचितानं विचारलं.

"पैसा आला का लगेच."

साहेब वस्तीकडं वळले. "जातीवरून कुणाला पाणी नाकारलं का? मोकळेपणानं सांगा."

अर्धी वस्ती भगवंतरावांच्या वावरात राबणारी. माणसं चपलांकडं बघत राहिली. तेवढ्यात मनकर्णाबाई उठल्या, पदर सारखा केला. सुचिताला वाटलं, आता आत्याबाई सांगणार.

"नाई साहेब, भेद गिद काई नाई. मालकीणबाई सोताच्या हातानं माह्या नातीसाठी पाणी देतेत. रोज. खोटं काऊन बोलू?"

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी लिहून घेतलं. निघताना सुचिताला म्हणाले, "मॅडम, जबाब तुमच्याच घरचा आहे. मी आता काय करणार?"

घरात आल्यावर सुचिता फुटलीच. "आत्याबाई, असं काऊन केलं तुम्ही?"

"मंग काय करू वं? लाइन येईन तवा येईन. पोरीले आज पाणी पायजे. चालू हंड्याले लाथ मारू?"

दुसऱ्या दिवशी हंडा रिकामा परत आला. मनकर्णाबाई तो दारात टेकवून तिथंच बसल्या.

"म्हने, तुही सून आमची अब्रू काढाले बुलढान्याले गेली. आता सरकारच पाजीन तुमाले. म्या म्हनलं, मालकीणबाई, मी त तुमच्याच बाजूनं बोलली. त म्हने, तू बोलली, पन अर्ज कोनाच्या घरातून गेला?"

जारच्या पाण्याची गाडी भगवंतरावांच्या पुतण्याची. ती नाल्यावरूनच परत वळू लागली. दुसरबीडच्या बाजारातून आणलेल्या बाटल्या किती पुरणार?

बाटल्या संपल्या त्या संध्याकाळी सुचिता चुलीपाशी आली, तर मनकर्णाबाई पातेल्यावर वाकलेल्या. पंपाचं पाणी खळाखळा उकळत होतं.

"अर्ध्याचं अर्धं आटवलं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "आता एक बी जंतू राह्यला नसीन. दे पोरीले."

जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं तसं तेच दाट होत जातं. सुचितानं पातेलं मोरीत ओतलं.

"अवं माय! एवढं केलेलं..."

"आटवलं का ते वाढते, आत्याबाई."

तिनं पंपाचंच ताजं पाणी पुन्हा चुलीवर ठेवलं, वर झाकण घातलं, आणि पहिली उकळी फुटताच उतरवलं. दुसरं पाणी घरात नव्हतं. मैत्री भुकेनं हातपाय झाडत होती. सुचितानं त्यातच पावडर कालवली. बाळ घटाघट प्यायलं, वाटी संपल्यावर जिभल्या चाटत आईकडं बघून हसलं.

सुचिता तिला घेऊन दारात गेली. उजेड सरत आला होता, नीट काही कळेना. मागून मनकर्णाबाई आल्या, डोळे बारीक करून नातीच्या तोंडाजवळ वाकल्या.

"निळे त नाई ना वं?" त्यांनी विचारलं.