पालखी वळणावर, चूल धुरात

धाकू गाडीवानानं जन्मभर एवढ्या खोड्या केल्या होत्या, की ज्या दिवशी त्यानं काहीच केलं नाही, त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवायला मिरजोळ्यातलं कुत्रंसुद्धा तयार नव्हतं.

साल एकतीस, दिवस शिमग्याचे. लेक मालनचा सासरी पहिलाच शिमगा, म्हणून धाकू मिरकरवाड्याहून गाडी हाकत सकाळीच मिरजोळ्याला विहीण गोदाबाईच्या दारात येऊन ठेपला. जावई बाबू मुंबईहून बोटीनं आलेला, तो पालखीला खांदा द्यायला गेला होता. आज देवीची पालखी या अंगणात यायची होती. पहिली वाटी खीर देवीला, मग बरोबरच्या सगळ्या मंडळींना. त्यासाठी माळ्यावरचा मोठा पितळी टोप उतरवला, नि तो चढवला मात्र, चुलीनं जो धूर ओकायला सुरुवात केली तो थांबेचना. जाळ दिसत नव्हता, तांदूळ शिजत नव्हता, सगळं घर खोकत होतं.

"व्याही!" गोदाबाई डोळ्यांना पदर लावून पडवीत आली. "काय कोंबलंत चुलीत?"

"मी? देवीशपथ, आत्ता कुठे बैल सोडतोय!"

"लग्नात जेवणाच्या चुलीत मिरच्या कोणी टाकल्या?"

"त्या मी टाकल्या."

"आमच्या दादाच्या वहाणा माडावर कोणी टांगल्या?"

"त्यापण मीच. पण हा धूर माझा नाय, विहीणबाई."

"मग तुमच्या लेकीचा. पावसाळा सरल्यावर चूल तिनंच घातलीय." गोदाबाईनं आवाज खाली आणला, आणि धाकूला ती ओरडत होती तेच बरं होतं असं वाटलं. "देवी बिनखिरीची उठली या दारातनं, तर संध्याकाळी लेकीला याच गाडीत बसवून न्या. धूर ओकणारी चूल घालणारे हात मला नको घरात."

धाकूनं आत डोकावलं. मालन चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकत होती. डोळे तांबडेलाल. ते नुसत्या धुरानं नव्हते, हे बापाला कळलं.

"रोज बरी पेटते हो बाबा," ती पुटपुटली. "आजच काय झालं?"

शेजारचा केरू उंबऱ्यावर येऊन बसला होताच. "लाकडं ओली असणार. सुकी सगळी पोरांनी होळीला पळवली."

धाकूनं एक ढलपी गुडघ्यावर मोडली. काडकन तुटली. सुकी ठणठणीत.

"मग राख साठलीय."

राख उपसलेली होती. तरी धाकूनं हात घालून आणखी मूठभर काढली, बोट भाजून घेतलं. धूर तसाच.

"धुराड्यात बघ," केरू डोळा मारून म्हणाला. "तुला ठावं असेल काय कोंबलंस ते."

धाकू छपरावर चढला. कौलं कडकड वाजली, खालून गोदाबाई ओरडली, "फोडा, कौलंपण फोडा!" धुराडं साफ होतं, आरपार उजेड दिसत होता. पण वरून त्याला दुसरं काहीतरी दिसलं. काजूच्या बागेपलीकडे वळणावर गुलालाचा ढग, आणि त्यात पालखीचा लाल गोंडा. ढोल आता स्पष्ट ऐकू येत होता. आणखी दोन घरं, मग हेच.

तो घसरतच खाली आला.

"काढलंत?" गोदाबाईनं विचारलं.

"काय नव्हतंच वर!"

"धोतरात लपवलंत. ओळखते मी."

आता रडायचं की हसायचं? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होता बिचारा, नि खोटं बोलायचा तेव्हा लोक पटकन मान डोलवायचे!

"टोप उतरव रे केरू," तो म्हणाला. "निदान तांदूळ तरी करपायला नको."

दोघांनी फडकी घेऊन टोप उचलला. आणि भस्सकन जाळ वर आला! हातभर उंच, पिवळाधमक. टोप पुन्हा ठेवला, की जाळ गुडुप नि धूर बाहेर. धाकूनं पुन्हा उचलायला लावला. पुन्हा जाळ.

त्यानं चुलीच्या तोंडावरून ढलपीचं टोक फिरवलं. भांडं टेकायला तिथे तीन उंचवटे असतात, त्यांच्यामधल्या फटीतून चूल श्वास घेते. उंचवटे होते, पण ताज्या मातीच्या जाड थरात बुडालेले. रोजचं लहान पातेलं त्यावर कसंबसं तरंगलं असतं. हा रुंद टोप झाकणासारखा बसत होता.

"चूल आज सारवली कोणी?" त्यानं हळूच विचारलं.

"मी!" गोदाबाई ताठ झाली. "देवीच्या दिवशी सुनेवर नाय सोडली. चांगली दोन हात दिले, जाडजूड."

मालननं मान वर केली. तिलाही कळलं होतं. तिचं तोंड उघडलं, नि धाकूच्या डोळ्यांपुढे पुढची सगळी वर्षं उभी राहिली. केरूसमोर, देवीच्या दिवशी, सासूची चूक सुनेनं दाखवलेली. गाडीतून परत न्यावं लागलं नसतं कदाचित. पण या घरात तिला कधी सुखाचा घास मिळाला नसता.

"बरं, सापडलो मी," धाकू मोठ्यानं हसला. "मघाशी पाणी प्यायला आत आलो ना, तेव्हा चिखल लिंपला मी उंचवट्यांवर. म्हटलं, विहीणबाईंना जरा खोकवूया."

केरूनं मांडीवर थाप मारली. "बोललो नव्हतो? मेला सुधारायचा नाय!"

धाकूनं फुटक्या कौलाचे तीन तुकडे चुलीवर मांडले, त्यावर टोप बसवला. जाळ फटीतून चारी बाजूंनी वर चढला, धूर सुटला तो सरळ धुराड्याकडे. थोड्या वेळात खिरीला कढ आला.

गोदाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत ओली माती होती. ती पदराला पुसून मग कडाडली, नेहमीपेक्षा दुप्पट.

"देवाधर्मातपण खोडी! सोडायची नाय तुम्हाला. बसा चुलीपुढे, खीर उतरेपर्यंत हलायचं नाय! मालन, तू ऊठ गो, तोंड धू. नवी साडी नेस. देवीची ओटी तूच भरायचीस."

ढोल अंगणात घुसला. धाकू जळत्या चुलीपुढे उगाचच फुंकणी घेऊन बसला. मालन जाता जाता त्याच्याजवळ वाकली.

"बाबा, मी उंचवटे चांगले दोन बोटं वर काढले होते."

"ठावं हाय. जा तू, केसांत राख हाय."