आधी कुणाला खाजलं?

वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत मावशींनी अकरा वर्षं चादरी धुतल्या होत्या. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. जीभ तिखट, पण धुतलेल्या चादरीवर डाग दाखवायची कुणाची टाप नव्हती.

खाज पहिल्यांदा सुटली ती त्यांनाच. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला. महिना-दीड महिन्यात दोन नर्सबाई, स्वयंपाकीण आणि खालच्या मजल्यावरची सात म्हातारी माणसं करकरा खाजवू लागली. व्यवस्थापकांनी सगळं खापर मावशींवर फोडलं.

"मावशी, उद्यापासून येऊ नका. ही खरूज तुम्ही घरून आणलीत."

"घरी मी एकटी राहते. भिंतीकडून घेतली की काय?"

"सुरुवात तुमच्यापासून झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग सगळ्यांना तपासा. एकूण एक माणसाला, तुम्हीही त्यात आलात. तोवर मी इथून हलायची नाही."

आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर त्या खरंच ठाण मांडून बसल्या. अंगाची आग होत होती, पण खाजवताना दिसायचं नाही म्हणून मुठी घट्ट आवळलेल्या. बसल्या बसल्या त्या एकेक चादर आठवू लागल्या. नऊ नंबरच्या खाटेपाशी मन अडलं. ती चादर झटकली की पिठाच्या कोंड्यासारखा भुगा पडायचा. गेले दोन महिने पडत होता.

त्या खाटेवरचे आजोबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता दम्यासाठी रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते. त्यांच्या तळहातांवर झाडाच्या सालीसारखे जाड पापुद्रे आले होते. म्हातारपणी कातडी सुकते, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. ते कधी खाजवत नव्हते, त्यामुळे कुणी निरखून बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या डॉक्टरीणबाई नेहमीच्या फेरीला आल्या तेव्हा मावशींनी ती चादर पिशवीत बांधून त्यांच्यापुढे धरली.

"आधी नऊ नंबर बघा."

"अहो, ते तर खाजवतसुद्धा नाहीत!" व्यवस्थापक म्हणाले.

"म्हणूनच बघा म्हणते."

डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या तळव्यावरचा पापुद्रा खरवडून शेजारच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला नेला. तासाभराने परतल्या त्या हातमोजे चढवूनच.

"एवढ्याशा पापुद्र्यात खरजेच्या किड्यांची जत्रा आहे," त्या म्हणाल्या. "खाज किडा आणत नाही, आपलं अंग त्याच्याशी भांडतं म्हणून खाज सुटते. आजोबांच्या गोळ्यांनी अंगाचं भांडणच थंड पडलंय. किडे निवांत वाढत गेले. मावशी, तुम्हाला पूर्वी कधी खरूज झाली होती?"

"लहानपणी. सगळ्या भावंडांना."

"मग तुमच्या अंगाने शत्रू लगेच ओळखला, दोन दिवसांत. बाकीच्यांच्या अंगाला ओळख पटायला महिना लागला. तुम्हाला आधी खाजलं, म्हणून तुम्ही आणली असं होत नाही. त्यांच्या चादरींतूनच तुम्हाला झाली असणार."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मग आजोबांना आजच दुसरीकडे हलवू."

आजोबांनी हात पांघरुणाखाली ओढून घेतले. ते बघून मावशींचा पारा चढला. स्वतःवर आळ आला तेव्हाही इतका चढला नव्हता.

"काल मी, आज हे. माणसं हाकलून खरूज जाते का हो? त्यांना औषधं द्या, तोवर वेगळी खोली द्या. बाकी सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावा. चादरी मी उकळत्या पाण्यातून काढते. आणि काल मला जे बोललात, ते चुकलं म्हणून जेवणघरात सगळ्यांसमोर सांगा. मगच मशीन चालू होईल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मलमाचं मी हेच सांगणार होते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर व्यवस्थापक उभे राहिले आणि ताटाकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला!" मागून एक आजी ओरडल्या. "एका कानाने ऐकू येत नाही मला!"

व्यवस्थापकांना पुन्हा बोलावं लागलं. या वेळी मावशींकडे बघून.

मावशींनी ऐकून घेतलं, बाह्या वर सारल्या आणि जेवणघरासमोरच्या धुलाईखोलीत जाऊन, दार उघडंच ठेवून, मशीनचं बटण दाबलं. मनगट अजून खाजत होतं. त्यांनी ते सगळ्यांदेखत, सावकाश, मनसोक्त खाजवलं.