फरशीला फरशी

तळमजला

"काका, आत थांबायचं नसतं. पुढे या."

विमानतळावर तपासणीच्या चौकटीत शिरून मामा थांबले होते. नुसते थांबले नव्हते, तर वळून, रांगेकडे तोंड करून उभे राहिले होते. डाव्या हातावर आठ महिन्यांची ठकी. उजवा हात कमरेच्या उंचीवर हवेत काहीतरी चाचपत होता. रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि मामा रांगेतल्या माणसांकडे, अजून कोण आत यायचं राहिलंय ते बघावं तसे.

"काय शोधताय?" तपासणीवाल्यानं विचारलं.

"दार," मामा म्हणाले आणि ओशाळले. "एकतीस वर्षं लिफ्ट चालवली हो. चौकट दिसली की आत जाऊन वळतो."

"ही चौकट कुठं जात नाही. या अलीकडे." त्यानं त्यांचे खिसे तपासले, ठकीच्या दुपट्याची घडी दाबून पाहिली, दुधाची बाटली उजेडात धरली. "बाळाची आई?"

"तिकडे. उतरल्यावर. तिचं पत्र आहे, जन्माचा दाखला आहे."

"म्हणजे तुम्ही एकटेच?"

"एकटा कसा? दोघं आहोत."

तपासणीवाला हसला. ठकी हसली नाही. तिनं त्याच्या टोपीकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला, आणि मामांच्या मानेत तोंड खुपसलं.

पहिला मजला

त्यांना मामा म्हणायचे ते दवाखान्यात. तिथं वॉर्डातला मामा, दारावरचा मामा, लिफ्टवाला मामा. भाच्यांची मोजदाद नाही. इमारत नऊ मजल्यांची, लिफ्ट जाळीच्या दोन दारांची, आणि बटणांऐवजी एक पितळी दांडा. एकीकडे वळवला की वर, दुसरीकडे की खाली, मध्ये आणला की थांबायची. पण नेमकं कुठं थांबायचं हे दांड्याला कळत नसे. लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीला लागली पाहिजे. बोटभर चुकली तर चालत्या माणसाला ठेच लागते, ते एक वेळ चालतं. पण स्ट्रेचरचं चाक अडलं की ताज्या टाक्यांना हिसका बसतो. फरशीला फरशी. मामांचं सगळं काम एवढंच होतं.

लेक लहान असताना शाळा सुटली की थेट लिफ्टमध्ये यायची. स्टुलावर ती बसायची, मामा उभे. गृहपाठ मांडीवर आणि डोळा दाराखालच्या फटीवर.

"बोटभर खाली, बाबा."

"आता?"

"अर्धं बोट. ... लागली."

आणि एक गोष्ट होती, जी बाहेरच्या कुणाला सांगून पटत नसे. भरलेली लिफ्ट शहाण्यासारखी थांबते. रिकामी थांबत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असतात, ती तिला वर ओढतात. सगळे उतरून गेले की दांडा वेळेवर सोडला तरी ती बोटभर वर जातेच.

दुसरा मजला

इथं बाळंतिणींचा वॉर्ड होता. शेकडो बाळं मामांनी इथून खाली नेली. तळमजल्यावर जाळी उघडायची, बाळ पुढे जायचं, जाळी बंद. पुढे काय होतं ते लिफ्टमनला कधी दिसत नाही. त्याला कुठंच उतरायचं नसतं.

ठकी चार महिन्यांची झाली तेव्हा तिची आई, म्हणजे मामांची लेक, डायलिसिसच्या मशीनवरचं काम शिकायला दूरच्या शहरात गेली. वसतिगृहात मूल चालत नव्हतं. जावई बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. त्याला यायला अजून दोन महिने. ठकी आजीआजोबांकडे राहिली. आता शिकणं संपलं होतं, तिकडेच नोकरी लागली होती, खोली मिळाली होती, आणि सोमवारपासून पाळणाघरात जागा. नव्या नोकरीत रजा मिळेना. ठकीला आजी घेऊन जायची असं ठरलं होतं. पण आजी न्हाणीघरात घसरली आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून पलंगावर बसली.

चार महिने रोज संध्याकाळी फोनवर आई दिसायची. तळहाताएवढी, चपटी. ठकी तिला दोन्ही हातांनी धरायची आणि चाटायची.

"बाबा, ती मला ओळखेल ना?" लेक विचारायची. ओल्या झालेल्या काचेतून तिचा एकच डोळा दिसायचा.

"ओळखेल की."

घाबरलेल्या माणसांना "काही होत नाही" म्हणण्यात मामांचा जन्म गेला होता. डोळे मिटून म्हणत ते. पण ठकीला अलीकडे माणसं ओळखू यायला लागली होती, म्हणजे बाकीची सगळी परकी झाली होती. शेजारच्या वहिनींनी चष्मा बदलला, तर त्यांच्याकडेही जाईना. काल रात्री लेकीनं पुन्हा विचारलं, तेव्हा मामांनी खोकला आल्यासारखं केलं.

तिसरा ते आठवा (न थांबता)

आजीनं कागदावर लिहून दिलेलं. मामांनी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, विमानाच्या दारात जायच्या रांगेत उघडलं.

वर चढताना अर्धं दूध. उतरताना उरलेलं. कान दुखतात म्हणे.

लंगोट तीन. लागले तर चौथा तुमच्या पिशवीत, मोज्यांच्या खाली.

रडली तर तुम्ही घाबरल्यासारखं तोंड करू नका. ती तुमचं बघून आणखी रडते.

सगळ्यांना आधी उतरू द्याल, माहीत आहे मला. पण तिथं लोकांना "सांभाळून" म्हणत बसू नका.

लेकीच्या हातात दिल्यावर परत घ्यायला हात पुढे करू नका. मी तिथं नाही, म्हणून लिहिते आहे.

शेवटची ओळ मामांनी दोनदा वाचली आणि कागदाची घडी आधीपेक्षा बारीक घातली.

नववा मजला

विमानाच्या दाराशी मामा खाली बघत थांबले. बोगद्यासारख्या वाटेची जमीन आणि विमानाची जमीन यांच्यात दोन बोटांची फट होती, आणि विमान अंगठाभर वर.

"काही हवंय का, काका?" गणवेशातल्या मुलीनं विचारलं.

"नाही, ताई. बरी लावलीय. पण चाकाची खुर्ची आली तर अडेल."

मुलीनं खाली पाहिलं. रोज शंभर वेळा त्या फटीवरून जात असेल बिचारी. "खरंच की," ती म्हणाली.

तिनं मामांच्या पट्ट्यात अडकवायला एक छोटा पट्टा आणून दिला, तो ठकीच्या पोटावर बांधला. मामांना खिडकी मिळाली होती. शेजारी काळ्या कोटातल्या वकीलबाई, मांडीवर फाइल.

"रडणार का ही?" वकीलबाईंनी विचारलं.

"तिनं अजून ठरवलेलं नाही."

विमान पळायला लागलं तशी मामांनी बाटली ठकीच्या तोंडात दिली आणि सवयीनं मजले मोजायला घेतले. एक. दोन. समोरच्या इमारतीची गच्ची खिडकीच्या वर होती ती खाली गेली. मग ती इमारत काडेपेटीएवढी झाली, रस्ते शिवणीसारखे. नववा मजला कधी मागे पडला ते कळलंच नाही. मामांनी आयुष्यात त्याच्या वर पाऊल ठेवलं नव्हतं. त्याच्या वर फक्त मशीनची खोली होती, आणि तिची किल्ली दुसऱ्याकडे.

नवव्याच्या वर

विमान ढगात शिरलं आणि खिडकी पांढरी झाली. मग ढग खाली गेले.

मामांनी ढगांची पाठ कधी पाहिली नव्हती. पोट पाहिलं होतं. सगळे पोटच बघतात. पाठीवर ऊन पडलं होतं, आणि ते कुणाच्या कामाचं नसूनही पसरलेलं होतं. डोंगरासारखे ढग, त्यांच्या सावल्या, सावल्यांत निळं. कुणीही राहत नसलेली केवढी जागा. पांढऱ्यावर एक चिमुकली सावली पळत होती, तिला पंख होते. ती आपलीच आहे हे कळायला मामांना वेळ लागला.

लिफ्ट हलते ते भिंत सरकते म्हणून कळतं. इथं काहीच सरकत नव्हतं. एकतीस वर्षं बिनखिडकीच्या पेटीत उभं राहून माणसं वर नेली, आणि वर हे होतं.

"ठके, बघ," ते पुटपुटले.

ठकीनं ढगांकडे पाहिलंच नाही. मामांच्या हनुवटीवर उन्हाचा एक कवडसा हलत होता. तिनं त्यावर तळवा ठेवला. कवडसा तिच्या हातावर आला. तिनं हात काढला, तो पुन्हा हनुवटीवर. ती एकदम गंभीर झाली. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. बाहेर मामा जितके थक्क होऊन बघत होते तितकीच ती आत बघत होती, आणि तिचं काही कमी होतं असं मामांना वाटेना. ते खिडकी विसरून तिच्याकडे बघत राहिले. पापण्या मोजता येतील इतका उजेड होता. चार महिने रोज अंगाखांद्यावर असलेलं पोर. अशी दिसते हे आज कळलं.

विमान दचकलं. एकदा, मग सलग तीनदा. फाइल घरंगळली. वकीलबाईंनी मामांची बाही घट्ट धरली.

"काही होत नाही," मामा म्हणाले, लिफ्टमध्ये म्हणत तसं. "श्वास सोडा. दोर जाड आहे."

"दोर?" वकीलबाईंचा आवाज फाटला. "इथं दोर कुठाय?"

मामांनी वर पाहिलं. खरंच. ना दोर, ना पलीकडे वजन. दीडशे माणसं, त्यांच्या पिशव्या, मोज्यांखालचा लंगोट, सगळं नुसतं हवेत धरलेलं. त्यांच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे.

"नाही," ते हळूच म्हणाले. "दोर नाहीच. बघा ना."

वकीलबाईंना ते बघायचं नव्हतं. पण ठकीनं त्यांच्या कोटाचं बटण पकडलं आणि सोडवायला त्यांचे दोन्ही हात लागले, तोवर विमान शांत झालं होतं.

"आईकडे निघालीय?" त्यांनी विचारलं.

"हो. चार महिन्यांनी."

"मग ओळखेल का?" वकील त्या, सरळ प्रश्न विचारायची सवय.

"मी हो म्हणून बसलोय," मामा म्हणाले. "पुरावा काही नाही."

तळमजला

चाकं जमिनीला आपटली तेव्हा मामा "जरा घाई झाली" एवढंच पुटपुटले. सगळे उतरेपर्यंत ते बसून राहिले. एकालाही सांभाळून म्हणाले नाहीत. परतीचं विमान दोन तासांनी होतं. आजी एकटी होती, शेजारच्या वहिनी रात्रीपर्यंतच थांबणार होत्या.

काचेच्या दाराबाहेर लेक उभी होती. कामावरून तशीच आलेली. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, चेहरा बारीक झालेला. ती आधी चालत आली, मग धावत, आणि तिनं ठकीच्या काखेत हात घालून तिला ओढलंच.

ठकीनं किंकाळी फोडली. मामांची कॉलर दोन्ही मुठींत धरली. अंग ताठ, तोंड लाल.

लेकीचे हात तसेच राहिले. "नाही ओळखलं," ती म्हणाली. एवढंच. लहानपणी गणित चुकलं की म्हणायची त्याच आवाजात.

मामांचा चेहराही घाबरा व्हायला लागला होता. त्यांनी तो आवरला.

"ओढू नकोस," ते म्हणाले. "ये इकडे. हात आडवा धर. माझ्या हाताला हात लाव. लागू दे नीट. फट नको."

लेकीनं डोळे पुसले आणि आपला हात त्यांच्या हाताला भिडवला. मग खाली, दोन हातांच्या मधोमध पाहिलं.

"बोटभर खाली, बाबा," ती म्हणाली.

मामांनी हात खाली घेतला.

"अर्धं बोट."

"आता?"

"लागली."

दोघं तसेच उभे राहिले. माणसं सामानाच्या गाड्या ढकलत बाजूनं जात होती. मामांनी घाई केली नाही. दार उघडं ठेवून थांबणं त्यांना येत होतं. ठकीचा हुंदका लांबला, तुटला. ती या अनोळखी बाईकडे बघेना. मग तिला बाईच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. तळहाताएवढं, चपटं, चकचकीत. त्यावर चेहरा.

ठकी थबकली. मुठी सुटल्या. आजोबांच्या हातावरून ती पुढे सरकली, पोटावर, जशी गेल्याच आठवड्यात सतरंजीवर सरकायला शिकली होती. एक गुडघा अजून इकडे, एक हात तिकडे. मग तो गुडघाही तिकडे. कुठं हात संपला आणि कुठं दुसरा सुरू झाला ते तिला कळलंही नाही. तिनं ओळखपत्र दोन्ही हातांनी धरलं आणि आईला चाटलं.

लेक हलली नाही. श्वासही बेतानं घेत होती. बऱ्याच वेळानं ठकीनं ओल्या कार्डावरून मान वर केली आणि कार्डात होता तोच चेहरा वर, मोठा, ओला, इतका जवळ पाहिला. विमानात कवडशाकडे पाहत होती तशीच गंभीर होऊन ती बघत राहिली. मग तिनं त्या चेहऱ्यावर तळवा ठेवला.

शेकडो बाळांनंतर मामांना जाळीच्या पलीकडचं पहिल्यांदा दिसत होतं.

त्यांनी ठकीची पिशवी लेकीच्या खांद्यावर अडकवली, आपल्या पिशवीतला चौथा लंगोट काढून तीत टाकला, आणि ते एक पाऊल मागे सरले. ठकी बघत नव्हती. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपले हात वर येताहेत. त्यांनी उचलले नव्हते. आठ किलो उतरून गेलेले दोन हात आपापले, बोटभर, मग आणखी बोटभर, वर चालले होते.

मामांनी ते मागे नेले, पाठीवर एकात एक अडकवले, आणि परतीसाठी आत जाऊन वळल्यावरही काचेचं दार मिटेपर्यंत तसेच धरून ठेवले.